टाकी संपेपर्यंत

पंपावरच्या माणसानं नळी काढून घेतली तरी भीमाशंकर गाडी सोडायला तयार नव्हता. त्यानं ती स्टँडवरून उतरवली, डावीकडं कलती केली, उजवीकडं कलती केली, गदागदा हलवली आणि पुन्हा टाकीत डोकावला. आतले बुडबुडे वर आले आणि पेट्रोल बोटभर खाली गेलं.

"घाल अजून," तो म्हणाला.

मागं गाड्यांची रांग लागली होती. पंपावरचा माणूस माझ्याकडं बघायला लागला, की हे गृहस्थ बरे आहेत ना. मी मान हलवली. भीमाशंकर स्वामी म्हणजे बार्शीतले भूगोलाचे मास्तर. उभा जन्म त्यांनी नकाशावर छडी फिरवून पोरांना काराकोरम दाखवला होता, आणि स्वतः औरंगाबादच्या वर पाऊल टाकलेलं नव्हतं. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, सर, तुम्ही बघितलाय का? त्यावर यांनी म्हणे तास संपायच्या आत घंटा वाजवायला शिपाई पाठवला. आता मार्चमध्ये निवृत्त झाले, आणि जूनमध्ये याच गाडीवरून लडाखला जायचं ठरवून बसले.

गाडी म्हणजे किरकोळ. आवाज शिवणयंत्राचा, टाकी जेमतेम साडेपाच लिटरची. लडाखच्या वाटेवर म्हणे एक टप्पा असा आहे की तीनशे पासष्ट किलोमीटर पंपच नाही. फौजेतून परत आलेल्या एका विद्यार्थ्यानं हे सांगितलं आणि त्याच दिवसापासून घरात वाद सुरू झाला. शेवटी त्याच्या बायकोनं, महानंदावहिनींनी, अट घातली. टाकी काठोकाठ भरायची आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. तीनशे पासष्टच्या पुढं गेली तर खुशाल लडाख गाठा. अलीकडं थांबली तर गाडी वहिनींच्या भावाला द्यायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

मी म्हटलं, वहिनी, बरोबर एक डबा पेट्रोल नेला की मिटलं. त्या म्हणाल्या, डबा गळतो. एवढं बोलून भाजी निवडायला लागल्या. मला वाटलं आता भीमाशंकर डब्याच्या बाजूनं भांडेल. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा एवढ्या पटकन मान्य करतो तेव्हा काहीतरी बाकी लपवलेली असते, हे सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला कळायला हवं होतं.

मला बरोबर घ्यायचं हे वहिनींनीच ठरवलं. "भाऊजी, तुम्ही मागं बसा. आकडा तुम्हीच वाचा." नवऱ्यावर एवढा अविश्वास बघून मला बरं वाटलं. मला सायकलीपलीकडचं कुठलंही वाहन येत नव्हतं, पण आकडे वाचता येत होते. भीमाशंकरनं वेगळंच कारण काढलं. लडाखला जाताना जेवढं सामान असणार तेवढंच माझं वजन आहे म्हणाला. मी सामान म्हणून बसलो.

कुर्डुवाडीवरून मोहोळ, मोहोळवरून सोलापूर, तिथून अक्कलकोटला लेकीच्या घरी मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी उमरगा-लातूर करून येडशीच्या वाटेनं परत बार्शी, असा त्याचा बेत. रस्त्यानं अधूनमधून तो विचारायचा, "ऑडिटर, किती झाले?" मी त्याच्या खांद्यावरून वाकून काचेखालचा आकडा वाचायचो, वजाबाकी करायचो आणि सांगायचो. आकडा त्याच्या नाकासमोर होता. पण मला वाटायचं, आपल्या हुद्द्याचा मान ठेवतोय.

मोहोळच्या चौकात डावीकडून एक माणूस हात उंचावून ओरडला, "सर, ओ सर." पानपट्टीवाला होता, याचाच जुना विद्यार्थी. अगदी हाताच्या अंतरावर होता. भीमाशंकर सरळ निघून आला. मी म्हटलं, मास्तर, निवृत्त झाल्यावर एवढी मिजास बरी नव्हे, बिचाऱ्याचा हात वरच राहिला. तो म्हणाला, "आवाज कमी दे, इंजिन ऐकू दे." पुढं दोन ठिकाणी गतिरोधक आले, तेही त्यानं असे घेतले की माझी टोपी उडाली. मी विचारलं, लडाखची तयारी चाललीय का? तो हसला.

अक्कलकोटला त्याचे व्याही गुरुपादप्पा यांचं घाण्याच्या तेलाचं दुकान. माणूस आडवा, आवाज मोठा, मराठीत कानडी हेल. त्यांनी आमचं असं स्वागत केलं की जणू आम्ही लडाखहून परत आलो. आता इथं एक गोष्ट झाली. शिवलीलानं, म्हणजे लेकीनं, विचारलं की बाबा, उन्हातान्हाचं गाडीवर कसं काय आलात. यावर खरं सांगायचं तर टाकीची परीक्षा चाललीय असं सांगावं लागलं असतं. लेकीच्या सासऱ्यापुढं, निवृत्त माणसानं, बायकोनं घातलेल्या अटीपायी आपण गाडी बंद पडायची वाट बघतोय हे कसं सांगणार? भीमाशंकर म्हणाला, "सहज. तुझी आठवण आली." लेकीचे डोळे भरून आले. व्याह्यांनी तिथंच मनात काहीतरी ठरवलं असणार.

जेवायला बसलो तेव्हा भीमाशंकरच्या हाताचा धक्का लागून डावीकडचा तांब्या लवंडला. पाणी माझ्या ताटाखालून गेलं. विहीणबाई धावल्या, दुसरा तांब्या आणून त्याच जागी ठेवला, आणि ताक ओतून घेताना त्यानं तोही लवंडला. शिवलीला हसून म्हणाली, "बाबा, घरी आई काय म्हणते ओ तुम्हाला?" तो म्हणाला, "घरी नाही सांडत." ते खरं होतं. बार्शीला मी त्याच्या घरी किती वेळा जेवलो असेन, पण कधी थेंब सांडलेला पाहिला नव्हता.

सकाळी निघायची वेळ झाली तर गाडी दारात पुसून चकाचक उभी होती. गुरुपादप्पांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"लोमटेसाहेब, मास्तरांना बोलायचं नाही. संकोच करतेत ते."

"काय झालं?"

"टाकी फुल्ल केली. पार गळ्यापर्यंत. आमच्या दारातून व्याह्याची गाडी रिकामी जायची म्हणजे काय?"

आणि समाधानानं पोटावरून हात फिरवला. त्यांच्या लेखी ती गाडीची ओटी भरण्यातलीच गोष्ट होती. माझी अवस्था अशी झाली की शिक्का मारलेल्या तिजोरीत कोणी प्रेमानं जास्तीचा ऐवज टाकून गेलाय आणि आता तक्रार कुणावर करायची. मी त्यांना नमस्कार केला आणि सामान म्हणून जाऊन बसलो.

नळदुर्गला चहा घेताना सांगून टाकलं.

"मास्तर, परीक्षा रद्द."

"का?"

"तुझ्या व्याह्यानं सकाळी टाकी भरली. काठोकाठ."

त्यानं बशीत ओतलेला चहा तसाच धरला. मला वाटलं चिडेल, परत पहिल्यापासून सुरू करू म्हणेल. तो म्हणाला, "गुरुपादप्पा म्हणजे देवमाणूस."

"ते असू दे. पण आता जो आकडा येईल तो खोटा. मी त्याला साक्ष राहणार नाही."

"नको राहू. चहा पी आणि बस."

"अरे मग पुढं जायचं कशाला? सरळ सोलापूरवरून घरी जाऊ."

"ठरलंय त्याच वाटेनं जायचं," तो म्हणाला आणि उठला.

उमरगा येईपर्यंत मनात पक्कं झालं होतं. व्याह्याच्या पेट्रोलवर हा तीनशे पासष्ट पार करणार, वहिनींपुढं छाती काढून उभा राहणार, माझ्याकडं बोट दाखवणार, आणि जूनमध्ये कुठल्यातरी बर्फाच्या खिंडीत कोरडी टाकी घेऊन बसणार. सरळ माणूस असा वाकडा झालेला मी पतसंस्थांमध्ये भरपूर पाहिला होता, पण तिथं निदान मी मागच्या सीटवर नसायचो. उतरायचं म्हटलं तर ऊन रणरणत होतं आणि एसटीचा पत्ता नव्हता. मी फक्त त्याच्या मानेकडं बघत राहिलो. मान ताठ होती. सारखी ताठ. बाजूनं ट्रक गेला, बैल गेला, तरी इकडंतिकडं वळत नव्हती.

लातूरला पोचलो तेव्हा निवांत वेळ होता. सरळ निघालो असतो तर उजेडात बार्शी गाठली असती. पण हा हॉटेलात रेंगाळला, वर्तमानपत्र मागवलं, ते नाकाला लावून बसला. मुरुडला चहा झाल्यावर देवळासमोरच्या पारावर आडवा झाला. मी म्हटलं, मास्तर, दिवस चाललाय. तो डोळ्यांवर हात ठेवून म्हणाला, "चालू दे. उतरू दे जरा." ऊन उतरल्यावरच उठला.

ढोकीच्या कारखान्याची चिमणी मागं पडली आणि मी आकडा वाचला. तीनशे पासष्ट. गाडी शिवणयंत्रासारखी चालली होती. मी जरा खवचटपणेच म्हटलं, "अभिनंदन. जिंकलास."

"हं," तो म्हणाला.

बस, हं. मग गाडी हळू झाली. समोर सूर्य टेकला होता, तो गेला, आणि रस्ता राखेच्या रंगाचा झाला. गाडी डावीकडं सरकत सरकत मुरमात उतरली, पुन्हा वर आली. मी त्याचा खांदा धरला. खांदा भिजलेला होता.

"ऑडिटर, पुढं काय आहे?"

"रस्ता आहे."

"तो असणारच. रस्त्यावर काय आहे?"

मला चेष्टा वाटली. "एक म्हैस आहे. डावीकडून येतीय."

"किती लांब?"

"शंभर फूट."

"ऑडिटचे शंभर का खरे?"

त्यानं गाडी थांबवली. म्हैस निवांत आली, आमच्या पुढच्या चाकाला शेपूट घासून गेली. ती अगदी समोर आल्यावर त्याचं डोकं हललं, तोवर तो रिकाम्या रस्त्याकडं बघत होता. मोहोळचा पानपट्टीवाला, उडालेली टोपी, अक्कलकोटचे दोन तांबे, सगळे माझ्यासमोर एका ओळीत येऊन उभे राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

तो हँडल धरूनच बोलत होता. दिवाळीत सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. काचबिंदू. कडा गेल्या होत्या, मधलं तेवढं उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, औषधाच्या थेंबांनी उरलेलं काही काळ धरून ठेवता येतं, तेही किती काळ हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. दिवसा बोगद्यातून बघितल्यासारखं दिसतं. उजेड गेला की बोगदाही बुजत येतो. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर जून तिथंच संपला असता.

"मग ही टाकीची भानगड कशाला?"

"टाकीला काय धाड भरलीय. ती गेली असती तेवढं." त्यानं टाकीवर हात ठेवला. "आधी कोण संपतंय ते मला बघायचं होतं. व्याह्यानं ती भरून ठेवली, मग संपायला मीच उरलो."

 मी म्हटलं, "उतर खाली."

"तुला चालवता येते?"

"आली असती तर सामान म्हणून बसलो असतो का?"

तर अशी आमची गत. पेट्रोल भरपूर, इंजिन ठणठणीत, रस्ता मोकळा, आणि दोघांपैकी एकालाही ती गाडी पुढं नेता येत नव्हती. ती जागीच बंद पडली असती तर बरं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. मग आम्ही तिला ढकलायला लागलो. तो हँडलला, मी मागून. येडशी अजून लांब होती. मी सांगत होतो, खड्डा आहे, उजवीकडं घे, आता सरळ. तो म्हणाला, "तू नकाशा चांगला वाचतोस." मी म्हटलं, गप ढकल.

मागून एक दूधवाला आला. दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या खडखडत होत्या. तो थांबला.

"काका, पेट्रोल सपलं का?"

"हो, संपलं," भीमाशंकर म्हणाला.

आम्ही नको म्हणेपर्यंत त्या भल्या माणसानं किटलीच्या मागून नळी आणि बाटली काढली. आमच्या गाडीची किल्ली लागलेलीच होती. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, बॅटरी लावून आत बघितलं. मग आमच्याकडं बघितलं.

"काका, अर्धी टाकी भरलीय की."

 त्यानं स्वतःच किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली, निर्लज्जासारखी. तो थोडा वेळ त्या आवाजाकडं आणि आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "घेतलीय का काय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात भीमाशंकर म्हणाला, "हो. जरा जास्त झाली."

गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, उभ्या जन्मात थेंब न घेतलेला माणूस. दरवर्षी दोन ऑक्टोबरला शाळेची दारूबंदीची फेरी काढणारा. मी खाली बघितलं. दूधवाला मात्र एकदम घरच्यासारखा झाला. म्हणाला, होतं असं, माझा थोरला भाऊपण तुमच्यासारखाच, देवमाणूस, पण संध्याकाळ झाली की. मलाही बार्शीलाच जायचंय. मी पुढं हळू चालतो, तुम्ही माझ्या लाल दिव्यामागं या, दिव्यावरची नजर तेवढी हलवू नका. आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "तुम्ही धरून बसा ओ काका, पडू देऊ नका त्यांना."

काळोखात तो लाल ठिपका भीमाशंकरला दिसत होता. बरोबर मधोमध होता म्हणून. आम्ही सायकलीच्या वेगानं निघालो. मी त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून कानात सांगत होतो, वळण, चढ, खडी पडलीय. येडशी गेली, पांगरी गेली. समोरून दिवे आले की तो डोळे मिटून घ्यायचा, आणि मी तेवढा वेळ बोलत राहायचो, जे सुचेल ते. वाटेत एकदा त्यानं विचारलं, "पाठ तर होतं मला सगळं. नुब्रा कुठं, झंस्कार कुठं. आता बघितलं काय आणि नाही बघितलं काय, नाही का?"  मी म्हटलं, "डावीकडं पूल आहे."

बार्शीत शिरताना दूधवाल्यानं हात केला आणि जाता जाता ओरडला, उद्या लिंबू घ्या.

वहिनी ओट्यावरच उभ्या होत्या. भीमाशंकरनं गाडी भिंतीला लावली, किल्ली काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"लातूरच्या अलीकडंच संपलं," तो म्हणाला. "तीनशेसुद्धा झाले नाहीत. वाटेत पंपावर भरून आणली. भावाला कळव तुझ्या."

मग माझ्याकडं न बघता हातपाय धुवायला मागं गेला. न्हाणीतून पाण्याचा आवाज यायला लागला. मी वहिनींच्या प्रश्नाची वाट बघत होतो. जन्मभर दुसऱ्यांचे खोटे आकडे पकडले, आता हा एक खरा म्हणून सांगायचा होता, आणि मी सांगणार होतो.

त्यांनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

"शिवलीलाचा फोन आला होता सकाळी," त्या म्हणाल्या. "मामंजींनी टाकी भरून दिली म्हणत होती."

मी न्हाणीच्या दाराकडं बघितलं.

"भाऊजी, कुठवर दिसलं त्यांना?"

न्हाणीतलं पाणी चालूच होतं. मी म्हटलं, "येडशीच्या अलीकडं. दिवस मावळेपर्यंत."

त्यांनी मान हलवली. किती वेळ तरी हलवत राहिल्या. "मी सांगून ऐकलं असतं का त्यांनी?" मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "दिवस मावळेपर्यंत. मला वाटलं होतं, भर दुपारीसुद्धा जड जाईल."

"आणि काही झालं असतं तर? मला गाडी येत नाही, वहिनी."

"हाक मारता येते की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला बसवलं."

आत दोन पाट मांडलेले होते. ताटं वाढली गेली. शेजारची कुणी पोरगी मदतीला आली होती, तिनं रीतीप्रमाणं भीमाशंकरच्या ताटाच्या डाव्या हाताला तांब्या ठेवला आणि गेली. तो हात पुसत आला, पाटावर बसला, समोर बघत म्हणाला की भूक फार लागलीय.

वहिनींनी वाकून तो तांब्या उचलला आणि ताटाच्या पलीकडं, बरोबर त्याच्या नाकासमोर ठेवला. मग मिठाची वाटी सरकवली. मग लिंबाची फोड. मी त्या घरात इतक्या वेळा जेवलो होतो. सगळं कायम असंच मधोमध मांडलेलं असायचं.

त्यानं हात पुढं केला आणि एक थेंब न सांडता पाणी प्यायला.